‘साभार’ लिहिलं की झालं का?

*ताई, मी माध्यम अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चौघांनी मिळून बंद व्हायला आलेल्या एका एकपडदा थिएटरवर बावीस मिनिटांचा माहितीपट केला. लिंक सोबत देते. शेवटी १९६० सालच्या एका चित्रपटातल्या गाण्याचे पंचवीस सेकंद लावले. खाली ‘गाणं साभार’ असं लिहिलं आणि ‘कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही’ अशी पाटीही टाकली. कॉलेजात सगळ्यांना आवडला. यूट्यूबवर टाकला, तर दुसऱ्याच दिवशी कॉपीराइटचा दावा आला. एक सर म्हणतात, तीस सेकंदांच्या आत असेल तर चालतं. सीनियर म्हणतात, साठ वर्षं झाली की गाणं मोकळं होतं. खरं काय?*

*आणखी तीन गोष्टी आहेत. आमच्या ग्रुपचं नाव आणि लोगो एका मोठ्या निर्मितिसंस्थेसारखा दिसतो, असं एक मित्र म्हणाला. इन्स्टाग्रामवर माझे सोळा हजार फॉलोअर्स आहेत. वजन कमी करायची आयुर्वेदिक औषधी पावडर विकणारी एक कंपनी मला फुकट डबे देऊन रील करायला सांगते आहे, पण ‘जाहिरात असं लिहू नका’ म्हणते. आणि त्याच थिएटरच्या ऑपरेटर काकांचा मी काढलेला फोटो एका बातम्यांच्या पेजनं माझं नाव कापून लावला. विचारलं तर म्हणाले, इंटरनेटवर मिळाला. मला खूप राग आला. मग वाटलं, गाण्याच्या बाबतीत मी तरी वेगळं काय केलं?*

प्रिय मैत्रिणी,

शेवटी जो प्रश्न तू स्वतःलाच विचारलास ना, तिथूनच सुरुवात करू. तुझा फोटो उचलणारं पेज आणि गाणं उचलणारी तू, दोघांनीही एकच पायरी गाळली. विचारलं नाही. तुझा हेतू चांगला होता, त्यांचा निष्काळजीपणा होता, हा फरक मला दिसतो. पण परवानगी घेतली होती का, याचं उत्तर दोन्हीकडे ‘नाही’ असंच येतं. हे तुला कुणी न सांगता कळलं, याचा मला फार आनंद झाला.

‘साभार’, ‘सौजन्य : इंटरनेट’, ‘संग्रहित छायाचित्र’ हे शब्द आपल्याकडे इतके रुळलेत की ते लिहिले म्हणजे परवानगीच मिळाली असं वाटायला लागतं. ‘अमुक मासिकावरून साभार’ असं छापायची जुनी पद्धत आहे आणि ती चांगली आहे. पण तिच्यात आधी त्या मासिकाला पत्र जायचं, होकार यायचा, मग लेख छापला जायचा आणि सगळ्यात शेवटी आभार. आपण नेमका तो शेवटचा शब्द ठेवला आणि आधीचं सगळं सोडून दिलं.

हे मी वरून सांगत नाही. वकिलीकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका साप्ताहिकात उपसंपादक होते. एका रात्री पान अडलं होतं. मी खणातल्या जुन्या प्रिंट्समधून पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या पोस्टमनचा एक कृष्णधवल फोटो काढला, खाली ‘संग्रहित’ लिहिलं आणि पान सोडलं. चार दिवसांनी साठीचे एक गृहस्थ कार्यालयात आले. त्यांनी पिशवीतून एक कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलमधले फोटो लहान आकारात छापलेला कागद, काढून माझ्या टेबलावर ठेवली. छत्तीस चिमुकल्या चौकटी. बाविसाव्या चौकटीखाली नख टेकवून म्हणाले, “ही.” एकविसावी हललेली होती, तेविसाव्या चौकटीत पोस्टमननं मान फिरवली होती. ते तासभर गुडघाभर पाण्यात उभे होते आणि हाताला लागली ती एवढी एकच चौकट. पैशांचं त्यांनी नंतर विचारलं. आधी विचारलं, “माझं नाव का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या अंकात त्यांच्या नावानिशी दिलगिरी छापली, मानधनही दिलं; पण ती बाविसावी चौकट मी विसरले नाही.

त्यांनी मागितल्या त्या दोन गोष्टी, पैसे आणि नाव, कायद्यातही वेगवेगळ्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीच्या प्रती काढायच्या, ती लोकांपर्यंत पोचवायची, तिच्यावरून दुसरं काही बेतायचं हे सगळे हक्क मालकाचे. ते विकता येतात, भाड्यानं देता येतात. पण त्याच कायद्याचं कलम ५७ कृती घडवणाऱ्या कलाकाराला आणखी काही देतं: ही कृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क, आणि तिची मोडतोड करून कुणी आपली अप्रतिष्ठा करू नये हा हक्क. आर्थिक हक्क विकून टाकले तरी हे दोन त्याच्याकडेच राहतात. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प सरकारनं १९७९ साली उतरवून गोदामात टाकलं. शिल्प सरकारनंच करून घेतलेलं, जागा सरकारची. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं त्याचे अवशेष सहगल यांना परत द्यायला सांगितले आणि पाच लाखांची भरपाई दिली. नाव आणि पैसा ही दोन खाती वेगळी आहेत, एवढं कळलं की ‘साभार’ का पुरत नाही ते कळतं. ‘साभार’ लिहून तू फार तर एका खात्यात भरणा केलास. दुसरं रिकामंच राहिलं.

आता गाणं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुझे सर आणि सीनियर दोघांचंही चुकलं आहे, आणि सीनियरचं चुकणं जास्त रंजक आहे.

आपल्याला एक गाणं ऐकू येतं, पण कायद्याला त्यात तीन वस्तू दिसतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, आणि त्या दिवशी स्टुडिओत जे ध्वनिमुद्रण झालं ते निर्मात्याचं. तिघांची मुदत वेगळी मोजली जाते. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांना प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. म्हणजे १९६० साली आलेल्या ध्वनिमुद्रणाची मुदत १ जानेवारी १९६१ पासून सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२० ला संपली. तुझ्या सीनियरनं इथपर्यंत बरोबर मोजलं. पण शब्द आणि चाल यांची मुदत प्रकाशनापासून मोजत नाहीत. ती त्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालते. गीतकार १९९० साली गेले असतील, तर त्यांचे शब्द ३१ डिसेंबर २०५० पर्यंत बांधलेले आहेत. जुनी तबकडी मोकळी झाली तरी तिच्यावर वाजणारी कविता आणि चाल मोकळी झालेली नसते. शिवाय आज नेटवर जे ‘जुनं’ गाणं मिळतं ते कधीकधी नंतर नव्यानं वाजवून ध्वनिमुद्रित केलेलं असतं. त्याची साठ वर्षं त्या नव्या ध्वनिमुद्रणापासून मोजायची.

म्हणून कुठलंही जुनं गाणं घेताना आधी दोन तारखा शोध: गीतकार कधी गेले, संगीतकार कधी गेले. मग आज हक्क कुणाकडे आहेत ते बघ. बहुतेक वेळा ते संगीत कंपनीकडे असतात. गाणं मैत्रिणीकडून गाऊन घेतलंस, तर ध्वनिमुद्रणाचा प्रश्न सुटतो. शब्द आणि चालीचा नाही. कव्हर व्हर्जनसाठी कायद्यात वेगळी सोय आहे, पण ती नुसत्या ध्वनिमुद्रणापुरती आहे. चित्रावर गाणं बसवायला ती उपयोगाची नाही.

तीस सेकंदांचा नियम कुठेच नाही. आपल्या कायद्यात सेकंदांचा, ओळींचा, टक्क्यांचा असा कुठलाही सर्वसाधारण आकडा दिलेला नाही. हा समज कुठून पसरला ते मला सांगता येणार नाही, पण दरवर्षी एखादा तरी चांगला माहितीपट त्यामुळे अडकतो. अत्यंत क्षुल्लक वापराकडे न्यायालयं दुर्लक्ष करू शकतात, हे खरं आहे. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयानं एका वृत्तवाहिनीच्या प्रकरणात, कार्यक्रमात गायलेल्या गाण्यांच्या मोजक्या ओळींबाबत हेच तत्त्व लावलं. पण नुकसान किती, हेतू काय, असं सगळं तोलून न्यायाधीश ते ठरवतात. एडिट टेबलवर बसून आपण आपल्यापुरतं ठरवायची ती गोष्ट नाही.

कायद्यात खरी सवलत आहे ती कलम ५२ मध्ये, आणि तिथे प्रश्न ‘किती’ इतकाच ‘कशासाठी’ हाही असतो. खासगी अभ्यास आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी उचित वापर चालतो. तुझ्या माहितीपटात गाणं का आहे? मी तो बघितला. ऑपरेटर काका सदऱ्याच्या टोकानं प्रोजेक्टरची काच पुसतात, दिवा मालवतात आणि गाणं सुरू होतं. माझ्याही घशात आवंढा आला. पण ते गाणं तिथे भावना दाटून यावी म्हणून आहे. समजा काका सांगत असते की हे गाणं लागलं की बाल्कनीतले लोक उभे राहायचे, कॅमेऱ्याची ही हालचाल त्या काळी नवी होती, आणि तू तेवढाच तुकडा दाखवला असतास, तर समीक्षेचा आधार तुला मागता आला असता. नुसत्या वातावरणासाठी घेतलेल्या संगीताला तो मिळणं कठीण आहे.

कॉलेजात कुणी हरकत का घेतली नाही, तेही याच कलमात आहे. शिकण्याच्या ओघात विद्यार्थ्यानं केलेली प्रत, आणि विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढ्यांसमोरच झालेलं सादरीकरण यांना सूट आहे. यूट्यूब त्या दाराच्या बाहेर आहे. महोत्सवही बाहेर, आणि महोत्सवांच्या प्रवेशपत्रिकेत ‘सर्व परवानग्या घेतल्या आहेत’ या ओळीखाली बहुधा तुला सही करावी लागेल. न वाचता करू नकोस.

‘भंग करण्याचा हेतू नाही’ ही पाटी मात्र आजच काढून टाक. भंग झाला की नाही हे हेतूवर ठरत नाही, त्यामुळे तिचा बचाव म्हणून काहीच उपयोग नाही. उलट तोटा होऊ शकतो. कॉपीराइटचा जाणूनबुजून केलेला भंग हा फौजदारी गुन्हा आहे. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. घाबरवायला सांगत नाही. पण गाणं दुसऱ्याचं आहे हे तुला पक्कं माहीत होतं, असं ती पाटी तुझ्याच अक्षरात लिहून देते.

तुला आलाय तो ‘दावा’ आहे, ‘स्ट्राइक’ नाही, असं मी धरते. दावा बहुतेक वेळा यंत्रणेनं आपोआप गाणं ओळखल्यामुळे येतो. व्हिडिओ अडतो किंवा त्याचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं. स्ट्राइक गंभीर असते. नव्वद दिवसांत तीन झाल्या तर चॅनेलच बंद होऊ शकतं. हक्क नसताना दाव्याला खोटी हरकत घेऊ नकोस, प्रकरण स्ट्राइकपर्यंत जातं. ते पंचवीस सेकंद काढ किंवा रीतसर परवानगी माग. विद्यार्थ्यांच्या बिगरव्यावसायिक चित्रफितीला माफक शुल्कात होकार देणारे हक्कदार मी पाहिले आहेत. पत्रात लांबी, कुठे दाखवणार, किती काळ, हे नेमकं लिहायला हवं. तिसरा मार्ग म्हणजे कॉलेजातल्याच एखाद्या संगीत जाणणाऱ्या मुलाकडून नवी धून करून घे आणि दोन ओळींचं का होईना, सही केलेलं पत्र ठेव. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे हक्कदारानं ठरावीक अटींवर सर्वांना आधीच वापरायला दिलेलं संगीत घेणार असशील तर परवान्याची अक्षरं वाच. नाव द्या, व्यापारी वापर नको, अशा अटी तुला पाळता येतील. पण ‘बदल करू नये’ अशी अट असलेलं संगीत चित्रावर बसवताच येत नाही, कारण त्या परवान्यांनुसार चित्राशी जोडणं हाच बदल. फार मुलं इथे फसतात.

बूथच्या भिंतीवरच्या फाटक्या पोस्टरांची काळजी करू नकोस. दृश्याच्या पार्श्वभूमीला ओघानं आलेल्या चित्राला आणि सार्वजनिक जागी कायम असलेल्या कलाकृतीला चित्रपटात घ्यायची मुभा कायद्यानं दिली आहे. तेच पोस्टर कापून माहितीपटाच्या जाहिरातीवर लावलंस, तर ते पार्श्वभूमी राहत नाही. पोस्टरवरच्या नटाच्या चेहऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा. नामवंतांचं नाव, चेहरा, आवाज परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरण्याला न्यायालयं अलीकडे सातत्यानं मनाई करत आहेत. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेनं केलेली नक्कलही अडवली.

एक दिलासाही देते, कारण वर सगळी बंधनंच आली. थिएटरवर माहितीपट करणारी तू पहिली नाहीस आणि शेवटचीही नसशील. त्या कल्पनेवर कुणाचीच मालकी नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सांगितलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांना कॉपीराइट नसतो. ते ज्या रीतीनं मांडलं, त्या मांडणीला असतो. आपलं नाटक चित्रपटानं उचललं असं तिथे नाटककाराचं म्हणणं होतं, पण दोन्हीकडचा समान धागा कल्पनेचाच निघाला आणि तो हरला.

आता तुझा फोटो. त्याची मालक तू आहेस, शटर दाबलंस त्या क्षणापासून. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. तुझ्याकडे मूळ फाइल आहे, तिच्यात तारीख आहे, मागचेपुढचे शॉट्स आहेत. तीच तुझी कॉन्टॅक्ट शीट. ती जपून ठेव. त्या पेजच्या पोस्टचा पत्ता आणि तारखेसह स्क्रीनशॉट घे आणि मगच त्यांना ईमेल कर. फोन नको, ईमेल. फोटो माझा आहे, नाव कापून वापरलात, नाव द्या आणि मानधन द्या नाहीतर इतक्या दिवसांत काढा, एवढंच. रागाचं एकही वाक्य नको. उत्तर नाही आलं तर त्या समाजमाध्यमाचा कॉपीराइट तक्रारीचा अर्ज भर. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा आज रात्री झोप घालवायचं कारण नाही.

आणि पुढे इंटर्नशिपला जाशील तेव्हा करार आधी वाच. कायद्याचं कलम १७ इथे आपल्या बाजूचं आहे आणि फार थोड्या पत्रकारांना ते माहीत असतं. वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या नोकरीत, अगदी उमेदवारीतही, तू लिहिलेल्या लेखाचा किंवा काढलेल्या फोटोचा नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा असतो. बाकी सगळ्या बाबतीत, म्हणजे पुस्तक करायचं, प्रदर्शन भरवायचं, तर तो तुझा. पण ‘वेगळा करार नसेल तर’ ही अट त्यात आहे, आणि करार बहुधा वेगळाच असतो. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘कायमचे, जगभरासाठी, सर्व माध्यमांसाठी’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेव आणि प्रश्न विचार. कुणी पैसे देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतले, तर करारात काही म्हटलेलं नसताना पहिला मालक पैसे देणारा ठरतो, हेही लक्षात असू दे.

लोगोचं थोडक्यात सांगते. कॉपीराइट निर्मितीला जपतो, ट्रेडमार्क ओळखीला. १९९९ च्या कायद्यात विचारला जाणारा प्रश्न साधा आहे: सामान्य माणूस, दोन्ही चिन्हं शेजारी ठेवून न बघता, अर्धवट आठवणीवर फसेल का? अक्षर एक बदललं, रंग उलटे केले, यानं काही होत नाही. तुमचा मित्र ‘सारखा दिसतो’ म्हणाला ना, ती चाचणी झाली. बदला. आत्ता बदललात तर एक दुपार जाईल. नवं नाव ठरवताना सरकारी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो फुकट आहे. नोंदणीसाठी वस्तू आणि सेवांचे एकूण पंचेचाळीस वर्ग आहेत. तुमच्या कामाचे मुख्य म्हणजे मनोरंजन आणि शिक्षणाचा एकेचाळिसावा, जाहिरातीचा पस्तिसावा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. नावापुढे टीएम कुणीही लावू शकतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच लावायचा. हौसेनं लावू नका.

माहितीपटात शीतपेयाचा फलक दिसतो म्हणून तो धूसर करायची मात्र गरज नाही. दुसऱ्याचं चिन्ह दाखवणं वेगळं आणि त्याच्या ओळखीवर आपला माल खपवणं वेगळं. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या इमारतीची आकृती २०१७ साली ट्रेडमार्क म्हणून नोंदवली गेली आहे. बातमीत ती इमारत दाखवणाऱ्याला त्यानं काही अडत नाही, तिची आकृती वस्तूंवर छापून विकणाऱ्याला अडतं.

राहिली पावडर. इथे मी सगळ्यात ठामपणे सांगते: हे रील करू नकोस.

‘जाहिरात असं लिहू नका’ या एका वाक्यातच कंपनीनं तुला सगळं सांगून टाकलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून काम करतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ते दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि हा दंड उत्पादकालाच नाही, शिफारस करणाऱ्यालाही होऊ शकतो. शिवाय शिफारस करणाऱ्यावर एक वर्षापर्यंत, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत, कुठल्याही वस्तूची किंवा सेवेची शिफारस करण्यास बंदी येऊ शकते. जून २०२२ आणि जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी स्पष्ट केलं आहे की पैसेच नव्हे, फुकट डबा, भेट, सवलत, सहल काहीही मिळालं असेल तर ते उघड सांगायचं. व्हिडिओत ते दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे, ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी लपवलेला शब्द चालत नाही. जाहिरात क्षेत्रानं स्वतःच १९८५ साली स्थापन केलेली भारतीय जाहिरात मानक परिषदही २०२१ पासून हेच मागते. सोळा हजार काय, सोळाशे फॉलोअर्स असले तरी हेच.

पण ‘जाहिरात’ असं लिहिलं असतंस तरी हे रील चाललं नसतं. १९५४ चा औषधी व जादुई उपाय कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह, पक्षाघात अशा आजारांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. या आजारांवर अमुक औषध उपाय आहे असं सुचवणाऱ्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत ‘कुणीही कोणताही भाग घेऊ नये’ असं तो कायदा म्हणतो. कंपनीनं संहिता लिहून दिली होती, मी फक्त बोलले, याला तिथे जागा नाही. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी, तुझ्यावर विश्वास असलेली सतरा-अठरा वर्षांची एखादी मुलगी ती पावडर घेईल. तिच्या शरीरावर काय होईल हे तुला माहीत नाही. मला त्या मुलीची जास्त काळजी वाटते.

जाहिरात लिहिण्याकडे तुझा ओढा आहे असं दिसतं, म्हणून दोन गोष्टी जाता जाता. प्रतिस्पर्ध्याशी तुलना करायला बंदी नाही. कपड्यांना घालायच्या निळीच्या एका खटल्यात कलकत्ता उच्च न्यायालयानं १९९९ साली सांगितलं की माझा माल जगात सर्वांत उत्तम असं म्हणता येईल, पण समोरच्याचा वाईट आहे असं म्हणता येणार नाही. नाव घेतलं नाही तरी बाटलीवरून लोक ओळखतात. आणि वर्गातल्या सरावाच्या जाहिरातींत मी छत्रपती शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांचं चित्र वस्तूशेजारी ठेवलेलं पुष्कळदा पाहते. १९५० चा चिन्हं आणि नावांचा अनुचित वापर रोखणारा कायदा व्यापारासाठी ते करू देत नाही. पंतप्रधानांचं नाव आणि चित्रही त्याच यादीत आहे. सरावातच ही सवय मोडा.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण ती मला माहितीपट बघताना खटकली. ऑपरेटर काकांनी कॅमेऱ्यासमोर मुलाच्या नोकरीबद्दल, उधारीबद्दल बोललं आहे. फोटोची मालक तू असलीस तरी त्यातला चेहरा त्यांचा आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी बोललेलं यूट्यूबवर, उद्या एखाद्या महोत्सवात आणि पोस्टरवर जाणार आहे, हे त्यांना माहीत आहे का? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे ठरवलं आहे. तेव्हा नव्या संगीताचा एडिट झाला की लॅपटॉप घेऊन थिएटरवर जा. त्यांना बूथमध्येच बसवून बावीसच्या बावीस मिनिटं दाखव. मराठीत लिहिलेलं एक पानाचं संमतिपत्र सोबत ने, कुठे कुठे दाखवणार ते त्यात लिही, मोठ्यानं वाचून दाखव. ते म्हणाले की उधारीचं काढ, तर काढ. मग सही घे, आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेव.